तोंड, हात, बोलणे आणि घड्याळ

आपल्या खानदेशात या आजाराला नावे पुष्कळ आहेत. कोणी लकवा म्हणतो, कोणी 'पॅरालिसिसचा झटका' म्हणतो, जुनी मंडळी 'अंगावरून वारे गेले' असे सांगतात. पुस्तकात पक्षाघात किंवा अर्धांगवायू हे शब्द सापडतात. नाव कोणतेही घ्या, चित्र एकच असते. काल संध्याकाळपर्यंत शेतात, दुकानात, स्वयंपाकघरात वावरणारे माणूस आज खाटेवर पडलेले असते. तोंड वाकडे, एका बाजूचा हात-पाय निर्जीव. बोलायचे असते, पण शब्द फुटत नाही.

या नावांचा एक तोटा आहे. 'वारे' किंवा 'वायू' म्हटले की आपण वाऱ्यावरचा इलाज शोधू लागतो. तेल कोमट होते, चोळणे सुरू होते, खिडक्या लावल्या जातात. वास्तविक बिघाड हातात नसतो, पायात नसतो आणि तोंडातही नसतो. तो मेंदूत असतो. हृदयाचा जसा झटका, तसाच हा मेंदूचा झटका. छातीत कळ आली तर आज खेड्यातला माणूसही ताबडतोब गाडी बोलावतो. लकव्यात मात्र बहुधा काही दुखत नाही. दुखत नाही म्हणून रुग्ण ओरडत नाही, आणि रुग्ण ओरडत नाही म्हणून घरच्यांना घाई वाटत नाही. माझ्या मते या आजारातील अर्धे नुकसान या एका गोष्टीमुळे होते. म्हणून आजच्या लेखात औषधांपेक्षा वेळेविषयी अधिक सांगणार आहे.

मेंदूत नेमके काय होते?

आपल्याकडे केळीच्या आणि कापसाच्या शेतकऱ्याला ठिबक सिंचन समजावून सांगावे लागत नाही. त्याचेच उदाहरण घेऊ. मुख्य नळीतून पाणी येते, बारीक नळ्यांतून ते प्रत्येक झाडापाशी पोचते. एखाद्या नळीत कचरा अडकला तर पुढची झाडे सुकू लागतात. नळी फुटली तर एका जागी चिखल होतो आणि पुढे पाणी जात नाही. मेंदूतही हेच दोन प्रकार होतात. १०० पैकी साधारण ८० ते ८५ रुग्णांत रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव झालेला असतो.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटा वापरतो. शिवाय त्याच्याकडे साठवण नाही. पाणी तोडले तर झाड चार दिवस तग धरते, मेंदूच्या पेशी काही मिनिटांत मरू लागतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा हिशेब मांडला आहे की, मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर उपचार न मिळालेल्या रुग्णाच्या दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी नष्ट होतात.

यात आशेची गोष्टही आहे. गुठळीच्या अगदी पुढचा भाग लवकर मरतो, पण त्याच्या भोवतालचा बराच भाग काही काळ अर्धमेल्या अवस्थेत असतो. आजूबाजूच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या थोड्या रक्तावर तो तग धरून राहतो. वेळेवर रक्तपुरवठा सुरू झाला तर हा भाग वाचतो. त्यात रुग्णाचा हात असू शकतो, पाय असू शकतो, बोलणे असू शकते. सगळी धावपळ करायची ती या भागासाठी.

मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते आणि उजवी बाजू डावी. बहुतेक माणसांचे बोलण्याचे केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असते. म्हणून उजवे अंग गेलेल्या रुग्णाची वाचाही अनेकदा जाते.

ओळखायचे कसे?

यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. चौथीतला मुलगाही ओळखू शकेल. तीन गोष्टी पाहायच्या आणि चौथी लिहून ठेवायची.

तोंड: रुग्णाला दात दाखवायला किंवा हसायला सांगा. एका बाजूचा ओठ खाली ओघळलेला दिसतो का? त्या बाजूने लाळ किंवा चहा गळतो का?

हात: डोळे मिटून दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगा आणि दहापर्यंत मोजा. एक हात आपोआप खाली येतो का? किंवा वर उचलतच नाही का?

बोलणे: एखादे साधे वाक्य म्हणायला सांगा. 'तापीला पूर आला आहे' असे म्हणा म्हटले, तर नीट म्हणता येते का? जीभ अडखळते का, भलतेच शब्द येतात का, आपण काय म्हणतो तेच समजत नाही का?

घड्याळ: या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट अचानक बिघडलेली दिसली, तर घड्याळात पाहा आणि वेळ कागदावर लिहा. तिन्ही लक्षणे दिसण्याची वाट पाहू नका. एकच लक्षण पुरे.

याशिवाय आणखी काही खुणा आहेत. एका डोळ्याची किंवा दोन्ही डोळ्यांची नजर एकाएकी जाणे, एकाचे दोन दिसणे, अचानक तोल जाऊन चालता न येणे, पूर्वी कधीच झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी एकदम सुरू होणे. या सगळ्यांत महत्त्वाचा शब्द 'अचानक' हा आहे. गुडघेदुखीने वर्षभरात हळूहळू चालणे कमी झाले तर तो हा आजार नव्हे. जेवताना हातातला घास एकाएकी निसटला, तर तो असू शकतो.

उन्हाळ्यात एक वेगळी फसगत होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. शेतातून आलेला माणूस अडखळत बोलू लागला की घरचे म्हणतात, 'ऊन लागले', आणि कांद्याचा रस, कैरीचे पन्हे सुरू होते. उष्माघातही गंभीरच आहे आणि त्यालाही रुग्णालयच लागते. पण उन्हाने तोंडाची किंवा अंगाची एकच बाजू लुळी पडत नाही. एक बाजू गेली असेल तर ते ऊन नव्हे, मेंदू आहे असे समजा.

काही वेळा केवळ चेहऱ्याची नस सुजून तोंड वाकडे होते. त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. २०२५ च्या फेब्रुवारीत धनंजय मुंडे यांनी आपल्याला हा आजार झाल्याचे स्वतः जाहीर केले, तेव्हा हे नाव पुष्कळांनी प्रथमच ऐकले. त्यात हात-पाय आणि भाषा ठीक असतात, मात्र त्या बाजूचे कपाळ आकसत नाही आणि डोळा मिटत नाही. पण हा भेद घरी बसून करू नका. तोंड वाकडे झाले की आधी रुग्णालय गाठा. मेंदूचा झटका नाही असे तिथे ठरले तर आनंदच आहे. विनाकारण धावपळ झाली म्हणून कोणतेही डॉक्टर रागावणार नाहीत.

साडेचार तास म्हणजे काय?

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे. १९९५ साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत ते तीन तासांच्या आत दिल्यास रुग्ण अधिक चांगले सुधारतात असे दिसले आणि पुढच्या वर्षी तेथे त्याला मान्यता मिळाली. २००८ साली युरोपातील चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. आल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज ही त्या औषधांची नावे, आपल्या देशातही ती वापरली जातात.

मात्र 'साडेचार तास आहेत ना, मग चार तासांनी पोचलो तरी चालेल' असे नाही. २०१४ साली अनेक चाचण्या एकत्र करून जो हिशेब मांडला गेला तो बोलका आहे. तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्या १०० रुग्णांपैकी सुमारे ३३ जण पुढे जवळजवळ पूर्ववत झाले. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यात हा आकडा २३ होता. म्हणजे शंभरामागे दहा माणसे जास्त सुधारली. तीन ते साडेचार तासांच्या दरम्यान इंजेक्शन दिले तेव्हा हे दहा पाचवर आले. औषध तेच, मात्राही तीच. दीड तासाने त्याचा उपयोग निम्मा झाला.

हे इंजेक्शन प्रत्येकाला देता येत नाही. रक्तस्राव झालेल्या रुग्णाला ते दिले तर जीव जाईल. बाहेरून पाहून गुठळी की रक्तस्राव हे मला सांगता येत नाही आणि मोठ्या तज्ज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी डोक्याचा सीटी स्कॅन लागतो. म्हणून रुग्ण 'जवळच्या' डॉक्टरकडे नेण्यापेक्षा 'सीटी स्कॅन असलेल्या' रुग्णालयात नेणे महत्त्वाचे ठरते.

मोठ्या शहरांत आता मांडीतल्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढण्याची सोय आहे. मोठी वाहिनी बंद झालेल्या रुग्णांना २०१५ सालच्या चाचण्यांत त्याचा मोठा फायदा दिसला. २०१८ नंतर काही निवडक रुग्णांत ही क्रिया २४ तासांपर्यंत करता येते असे सिद्ध झाले. तो रुग्ण कोणता, हेही तपासणीनंतरच ठरते.

शिरपूरचा हिशेब

आता हे सगळे आपल्या तालुक्याला लावून पाहू. सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर सकाळी ७ वाजता एका आजोबांचा हात लुळा पडला असे धरा. पाड्यावरून बोराडी किंवा पळासनेरच्या रस्त्याला लागून शिरपूरला यायला तास लागला, म्हणजे ८ वाजले. शिरपूरहून सावळद्याचा तापीवरचा पूल, नरडाणा, सोनगीर करत धुळे पन्नासएक किलोमीटर. वाटेत ट्रकची रांग नसेल तर तासाभरात पोचाल, म्हणजे ९ वाजले. रुग्णालयात तपासणी, रक्तातील साखर, सीटी स्कॅन, नातेवाइकांची संमती यांत आणखी तास. चांगली रुग्णालये हा वेळ तासाच्या आत बसवण्याचा प्रयत्न करतात. झाले १० वाजले.

तीन तास असे रस्त्यात आणि रुग्णालयात गेले. साडेचारातून तीन वजा केले तर उरतात फक्त दीड तास. घरी विचारविनिमय करायला, गाडी शोधायला, पैसे जमवायला, शेजाऱ्याचा सल्ला घ्यायला एवढीच शिल्लक, आणि तिच्यातले प्रत्येक मिनिट रुग्णाच्या खात्यातून वजा होते. शहरातला माणूस एखादा तास वाया घालवूनही वाचू शकेल. आपल्याला ती चैन नाही. आपला रस्ता आपण लहान करू शकत नाही, घरातला वेळ मात्र लहान करू शकतो.

घरातला वेळ कुठे जातो?

इतक्या वर्षांच्या व्यवसायात मी जे पाहिले ते सांगतो.

पहिले, 'थोडे पडू दे, बरे वाटेल.' रात्री लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहिली जाते. हा सर्वांत मोठा चोर आहे.

दुसरे, 'मुलगा सुरतेहून निघाला आहे, तो आला की ठरवू.' मुलाची काळजी समजू शकते. पण त्याला फोनवर सांगा की आम्ही धुळ्याला निघालो, तू थेट तिकडे ये. सही करायला घरातले कोणतेही सज्ञान माणूस चालते.

तिसरे, 'डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावून द्या.' हे मी रोज ऐकतो. सलाईनने गुठळी विरघळत नाही. माझ्यासारख्या एम.बी.बी.एस. डॉक्टरच्या छोट्या दवाखान्यात सीटी स्कॅन नाही आणि ते इंजेक्शनही नाही. अशा रुग्णाला माझ्या खाटेवर दोन तास ठेवणे म्हणजे त्याचे दोन तास घालवणे. म्हणून माझ्या नेहमीच्या रुग्णांना मी सांगून ठेवले आहे: लकव्याची शंका आली तर रुग्णाला दवाखान्याच्या पायरीवर उतरवूही नका. गाडीतूनच मला फोन करा. कोणत्या गोळ्या सुरू आहेत ते मी सांगतो, पुढच्या रुग्णालयाला कळवतो. पण गाडी थांबवू नका.

चौथे, घरगुती उपाय. तेलाचे मालीश, नाकात थेंब, कोणाकडची मुळी, आणि अजूनही काही ठिकाणी कबुतराचे रक्त चोळणे. मेंदूतली गुठळी कातडीवर काही चोळून निघत नाही. कबुतराचा जीव जातो आणि रुग्णाचे तास जातात.

पाचवे, देवस्थान. राजस्थानात नागौर जिल्ह्यात बुटाटी म्हणून गाव आहे. तेथील चतुरदास महाराजांच्या मंदिरात लकव्याचे रुग्ण सात दिवस राहून परिक्रमा करतात. महाराष्ट्रातूनही पुष्कळ लोक जातात. कोणाच्या श्रद्धेला मी नावे ठेवत नाही. जायचे असेल तर रुग्णालयातून सुटल्यावर, डॉक्टरांना विचारून, गोळ्या बरोबर घेऊन आणि त्या चुकू न देता जा. पण पहिल्या दिवशी गाडीचे तोंड रुग्णालयाकडेच हवे.

दोन रुग्ण

फरक किती पडतो ते दोन उदाहरणांनी सांगतो. तापीकाठच्या एका गावचे शेतकरी, वय ५८. पहाटे गोठ्यात दूध काढताना उजवा हात गळाला. घरच्यांनी तेल लावले, दुपारी एका जाणकाराकडे नेले, संध्याकाळी माझ्याकडे आणले. मी लगेच पुढे पाठवले. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, म्हणजे वेळेत पोचते तर इंजेक्शनचा विचार तरी करता आला असता. आज ते काठीच्या आधाराने अंगणापर्यंत येतात. सगळे समजते, पण नातवाचे नाव घेता येत नाही. शेत वाट्याने दिले आहे.

दुसऱ्या एक आजीबाई, वय ६६. सकाळी चहाची बशी हातातून सुटली. नववीतल्या नातीने शाळेत याविषयी ऐकले होते. तिने आजीला हसायला सांगितले, हात वर करायला सांगितले आणि वहीच्या मागच्या पानावर ७ वाजून २० मिनिटे असे लिहिले. शेजारच्याची गाडी काढून सगळे थेट धुळ्याला गेले. दहाच्या आत इंजेक्शन सुरू झाले. आजीबाई आता स्वतः भाकरी थापतात, फक्त उजव्या पायाची चप्पल कधी कधी निसटते.

असे प्रत्येक वेळी होईल असे वचन कोणी देऊ शकत नाही. वेळेत पोचलेलेही काही रुग्ण सुधारत नाहीत. पण उशिरा पोचणाऱ्याला ही संधीच मिळत नाही.

त्या वेळी काय करावे?

१. लक्षण केव्हा सुरू झाले ते लिहा. झोपेतून उठताना लक्षण दिसले असेल, तर रुग्ण शेवटचा धडधाकट कधी पाहिला होता ती वेळ लिहा. रात्री १० ला नीट बोलून झोपला असेल तर घड्याळ १० पासून धरायचे. अशा रुग्णांपैकी काहींना विशेष तपासणीनंतर उपचार देता येतात, म्हणून आशा सोडू नका.

२. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे आणि ती मोफत आहे. 'लकव्याचा झटका आहे, अमुक वाजता सुरू झाला' असे स्पष्ट सांगा. गाडी यायला फार वेळ लागणार असेल तर मिळेल त्या चारचाकीने निघा. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणे शक्यतो टाळा.

३. रुग्णाला कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाणार नाही. गळ्याजवळचे बटण सैल करा, तोंडातली कवळी काढा.

४. रोजच्या गोळ्यांची पाकिटे, जुने कागद आणि आधार कार्ड पिशवीत घाला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर ते आवर्जून सांगा.

५. जो माणूस लक्षण सुरू होताना जवळ होता त्याला बरोबर न्या. डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतील.

काय करू नये?

पाणी, चहा, औषध काहीही तोंडाने देऊ नका. लकव्यात गिळण्याचे स्नायूही कमजोर होतात आणि पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. अ‍ॅस्पिरीनची गोळी देऊ नका. हृदयविकारात ती देतात हे ऐकून काहीजण इथेही देतात, पण रक्तस्राव असेल तर ती घातक ठरेल. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून स्वतःच्या मनाने जिभेखाली गोळी ठेवू नका. झटक्याच्या वेळी रक्तदाब बहुधा वाढलेला असतो. तो एकदम उतरवला तर अर्धमेल्या भागाला मिळणारे थोडे रक्तही बंद होते. तो किती आणि केव्हा उतरवायचा हे रुग्णालयात ठरते.

मधुमेही रुग्णाची साखर एकदम उतरली तरी लकव्यासारखी लक्षणे दिसतात. घरी यंत्र असेल तर निघता निघता साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर असून नीट गिळत असेल, तरच साखर द्या. गिळण्याची शंका असेल तर देऊ नका, रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना सांगा.

आपोआप बरे झाले तर?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. कधी कधी हात लुळा पडतो, बोलणे अडखळते आणि दहा-वीस मिनिटांत सगळे पूर्ववत होते. घरचे म्हणतात, 'देवाने वाचवले, आता दवाखाना कशाला?' याला आम्ही छोटा झटका म्हणतो. गुठळी अडकली आणि सुदैवाने सुटली. ती पुन्हा अडकू शकते. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा १०० रुग्णांपैकी सुमारे १० जणांना पुढच्या तीन महिन्यांत मोठा झटका आला आणि त्यातले निम्मे पहिल्या दोनच दिवसांत. उलट, २००७ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या अभ्यासात अशा रुग्णांवर तातडीने उपचार सुरू केल्यावर पुढचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाला. तेव्हा बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा.

सही करताना

इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टर नातेवाइकांना धोका समजावून सांगतात आणि तिथेच बरीच मंडळी अडखळतात. धोका खोटा नाही. १९९५ च्या चाचणीत इंजेक्शन दिलेल्या १०० पैकी सुमारे ६ जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. तो धरूनही एकंदर फायदा जास्त ठरला. डॉक्टरांना एवढेच विचारा, 'यांच्या बाबतीत फायदा जास्त की धोका?' उत्तर मिळाले की निर्णय घ्या. व्हरांड्यात अर्धा तास चर्चा करण्यासारखी ही गोष्ट नाही.

साडेचार तास उलटून गेले असतील तरीही रुग्णालयात जायलाच हवे. गिळण्याची तपासणी, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, दुसरा झटका टाळणारी औषधे आणि लवकर सुरू केलेला व्यायाम यांनी जीव वाचतात आणि अपंगत्व कमी होते.

झटका येऊच नये म्हणून

भारतासह अनेक देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की, जगातील या आजाराचा सुमारे ९० टक्के धोका दहा कारणांत सामावतो आणि त्यांत पहिला क्रमांक वाढलेल्या रक्तदाबाचा आहे. आपल्याकडे रक्तदाबाची गोळी सुरू होते, महिनाभरात बरे वाटते आणि गोळी बंद होते. बरे वाटते ते गोळीमुळेच, हे लक्षात घ्या. तिशीनंतर प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा. बिडी, तंबाखू, गुटखा सोडावा. मीठ दिवसाला एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. शेवभाजी, पापड, लोणचे आणि ठेचा यांतले मीठही त्यात मोजायचे. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवावी. नाडी अनियमित चालते असे डॉक्टरांनी सांगितले असेल तर दुर्लक्ष करू नये, कारण हृदयात तयार झालेली गुठळी मेंदूत जाऊ शकते.

आज संध्याकाळी करायचे काम

वाचक मित्रहो, हा लेख वाचून झाला की एक काम करा. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयेही आहेत. सीटी स्कॅन आणि गुठळीचे इंजेक्शन रात्री-अपरात्रीही कोठे मिळते, याची आपल्या डॉक्टरांकडे आणि त्या रुग्णालयांत आजच चौकशी करा. शासनाच्या आरोग्य योजनेचा लाभ तेथे मिळतो का, तेही विचारून ठेवा. रुग्णालयाचा फोन, गाडी असलेल्या शेजाऱ्याचा फोन आणि १०८ हे तीन क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. त्याच्या वर चार शब्द लिहा: तोंड, हात, बोलणे, घड्याळ. कागद फळीच्या किंवा कपाटाच्या दाराला चिकटवा आणि घरातल्या सर्वांत लहान, वाचता येणाऱ्या मुलाला तो समजावून सांगा. झटका येतो तेव्हा मोठी माणसे पुष्कळदा शेतात किंवा बाजारात असतात, घरी मूलच असते.